पाठलागाची गाडी

महामार्गाच्या पोलिसांना कोणती गाडी द्यावी हे अख्ख्या हिंदुस्थानात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस माझा साडू आहे. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच म्हणतो. तो लोणी काळभोरला राहतो आणि मी मांजरीत, त्यामुळे अंतर इतकं कमी की ऐकून घेण्यावाचून मला सुटका नाही. आम्ही दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या. थोरली माझी, धाकटी त्याची. एवढाच आमचा संबंध, पण तो बायकांपेक्षा आम्हीच जास्त निभावला. त्याची सगळी नोकरी हायवे पोलिसांत ड्रायव्हर म्हणून झाली. रिटायर होऊन पुष्कळ दिवस झाले, पण त्याच्या मते सरकारने त्याला रिटायर केलंय, त्याने सरकारला अजून केलेलं नाही. रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली की तो हातातलं काम टाकून दारात येतो, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो, आणि डॉक्टरने रिपोर्ट बघून मान हलवावी तशी मान हलवून आत जातो. अंगाने तो भरलेला आहे. गाडीत बसताना आधी पोटाला जागा करून देतो, मग स्वतः बसतो.

ह्या वेडाचं मूळ एका जुन्या जीपमध्ये आहे. साडू नोकरीत असताना त्याच्याकडे जी जीप होती ती चढाला लागली की आतले शिपाई उतरून चालत पुढे जायचे आणि वर जाऊन तिची वाट बघायचे. अशा जीपला एके दिवशी सोलापूर रस्त्यावर एका लाल गाडीने असं काही ओलांडलं की पुढे बसलेल्या साहेबांची टोपी उडाली. वर आतल्या पोरांनी हात हलवून टाटा केला. साडूने पाय दाबला. जीपने आवाज वाढवला, वेग नाही. तरी हा हटला नाही. बऱ्याच वेळाने एका ढाब्याशी पोचला, तर लाल गाडीवाले जेवून, हात धुऊन, बडीशेप चघळत निघून गेलेले. ढाब्याचा मालक हात जोडून म्हणाला, साहेब, मागनं पोलीस येतील, दमलेले असतील, त्यांना चहा पाजा, असं सांगून गेलेत. साडू म्हणतो त्या चहाला मी बोट लावलं नाही. त्याची बायको म्हणते, दोन खाऱ्यांबरोबर प्यायले. ते काहीही असो, तो चहा त्याच्या छातीत अजून गरम आहे. त्या दिवशी त्याने ठरवलं की पोलिसांना अशी गाडी मिळाली पाहिजे की जिच्या पुढे कुणी टाटा करून जाता कामा नये.

नोकरीत असताना त्याला कुणी विचारलं नाही. मग रिटायर झाल्यावर न विचारताच त्याने काम हाती घेतलं. दर रविवारी पुण्यातलं एखादं गाड्यांचं शोरूम गाठायचं, गाडी चालवून बघायची, आणि ती पोलिसांना चालेल का नाही ते ठरवायचं. ठरवून कुणाला कळवायचं, हे मी एकदा विचारलं होतं. त्याने माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. ह्या कामाला त्याला माणसं लागायची, आणि ती आम्हीच. त्याची बायको पुढे बसायची, ती फौजदार. घरातही तीच फौजदार असल्यामुळे तिला वेगळं काही करावं लागायचं नाही. मी मागे बसायचो, मी आरोपी. आणि आमची मंडळी, म्हणजे थोरली, मागच्या सीटवर आडवी व्हायची, ती अपघातातली जखमी. आरोपी आणि जखमी एकाच सीटवर कसे, तर तो म्हणायचा की पाळीपाळीने. आधी आरोपीची तपासणी, मग मी उतरून फुटपाथवर उभा राहायचो आणि जखमी आत झोपायची. इस्त्रीची नऊवारी नेसून, अंबाडा सांभाळत ती शोरूमच्या दारात नव्या गाडीत आडवी व्हायची, आणि टाय लावलेली पोरं पाण्याचा ग्लास घेऊन धावत यायची, आजींना चक्कर आली का म्हणून. ती झोपल्या झोपल्याच सांगायची, “न्हाई रं बाळा, माझा अपघात झालाय.”

शोरूमवाला पहिला प्रश्न विचारायचा, काका, फॅमिलीसाठी बघताय का? साडू थंडपणे म्हणायचा, पाठलागासाठी. मग परीक्षा सुरू. कलिंगड वाजवून बघावं तसा तो बॉनेट वाजवून बघायचा. दार उघडून पोटासकट बाहेर पडायला किती उशीर लागतो ते बघायचा, आणि उशीर झाला तर दोष दाराला द्यायचा. पुढे टीव्हीसारखी काच असली की म्हणायचा, ह्याला बोट लावून सायरन शोधीपर्यंत चोर उजनीच्या धरणात पोहून येतो. छताला उघडी खिडकी बघून तर तो खरोखरच संतापला होता. शोरूममधली मुलगी कौतुकाने सांगत होती, काका, सनरूफ आहे, इट्स अ बिग फीचर. हा म्हणाला, आरोपीला बसवायचं खालनं आणि सोडायचा वरनं, असं हाय व्हय. आणि मला खुणेने सांगितलं, दाजी, निघून दाखवा. मी तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेलो. खांद्यापर्यंत निघालो आणि अडकलो. त्या मुलीने आणि तिच्या साहेबाने मिळून मला खाली ओढला. साडूने तेवढ्यावर ती गाडी पास केली. म्हणाला, आरोपी अडकतो, चांगली गोष्ट आहे.

एवढं सगळं वेगासाठी चाललेलं, पण त्याची स्वतःची गाडी बघाल तर चिमुकली, आणि तीही तो अशी हाकतो की पाणी भरलेली घागर घेऊन चाललाय. सायकलवाले मागून घंटी वाजवतात. विचारलं तर म्हणतो, हिच्यात दम न्हाई, हिला पळवून उगाच तिचा अपमान कशाला करायचा.

पण एकदा मात्र त्याने पाठलाग केला. शोरूमची गाडी होती, पांढरी, लांबलचक, नवी कोरी. सोलापूर रस्त्याला घेतली होती. पुढे त्याच्याशेजारी शोरूमचा पोरगा, मागे फौजदारीण आणि मी दाराला चिकटून, आणि आमची मंडळी आमच्या दोघांच्या मांडीवर जखमी होऊन पडलेली. तेवढ्यात डाव्या अंगाने एक गाडी आम्हाला ओलांडून गेली. साडूच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मी मागून बघितले. आपण रिटायर आहोत, गाडी दुसऱ्याची आहे, हे सगळं तो विसरला. शोरूमचा पोरगा आधी काका हळू म्हणाला, मग सर हळू म्हणाला, मग नुसतंच आई म्हणाला. आणि आम्ही ती गाडी गाठली. साडूने ती बाजूला घ्यायला लावली, उतरला, डोक्यावर नसलेली टोपी सारखी केली आणि लायसन मागितलं. गंमत अशी की त्या भल्या माणसाने ते दिलं, आणि चुकलं साहेब असंही म्हणाला. आता पुढे काय करायचं हे साडूला सुचेना. त्याने लायसन दोन्हीकडून बघितलं, फोटो चांगला आलाय म्हणाला आणि परत दिलं. जिची वाट बघण्यात सगळी नोकरी गेली ती मनातली गोष्ट अशी घडली, आणि तो हवेत चालत गाडीत येऊन बसला. त्याला वाटलं आता बायका कौतुक करतील. आमची मंडळी मांडीवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “पाव्हणं, मी मागं रगतात पडलीया, आनि तुमी त्याचं लायसन बघत बसलासा. मला आधी दवाखान्यात न्या की.” ती चेष्टेत बोलली होती. शोरूमचा पोरगापण हसला. साडूचं तोंड मात्र उतरलं, आणि तिथून पुढे त्याने ती गाडीही भरल्या घागरीसारखी हाकली.

गेल्या दिवाळीनंतर आमची मंडळी गेली. सकाळी छातीत कळ आली आणि मी साडूला फोन लावला. तो त्याच्या चिमुकल्या गाडीतून आला तो असा आला की गल्लीतली कुत्री भिंतीवर चढली. त्या गाडीत दम नाही म्हणणारा माणूस, कुठून दम आणला कुणास ठाऊक. मागच्या सीटवर तिला निजवली, पण पायांना जागा पुरेना. ते मी मांडीवर घेऊन दाराला टेकून बसलो. वाटेत ती एवढंच म्हणाली की पाव्हण्यांना सांगा, ही गाडी नापास. दवाखान्यात वेळेत पोचलो, डॉक्टरांनी सगळं केलं, दुसऱ्या दिवशी ती गेली. कुणाची काही चूक नव्हती. हे मी साडूला पुष्कळ वेळा सांगितलं. त्याने शोरूमला जाणं सोडलं आणि मी घराबाहेर पडणं. पोरगा आणि सून बंगलोरला. भाकरी मला येते, तिच्या हातची येत नाही एवढंच.

आणि अशात त्याला बोलावणं आलं. त्याच्या हाताखाली शिकलेला एक जण आता पोलिसांच्या गाड्यांच्या विभागात साहेब झालाय. महामार्गासाठी वेगवान गाड्या घ्यायच्या ठरल्या, तीन गाड्या मैदानावर आणल्या, आणि जुन्या ड्रायव्हरांचंही मत घेऊ म्हणून त्याने आपल्या उस्तादाला फोन केला. जन्मभर ज्याची वाट बघितली ते दार उघडलं, आणि हा म्हणतो मी जात नाही. मेहुणीने मला फोन केला, म्हणाली, दाजी, तुम्ही येणार असाल तरच जातो म्हणतायत. मी तिला सांगितलं की मला त्यात काही गोडी नाही. मग शर्ट घातला आणि गेलो.

मैदानावर पहिलीच गाडी म्हणजे विमान होतं. साहेब लोक तिच्याकडे बघून मनात आधीच पास करून मोकळे झालेले. साडूने ती दोन फेऱ्या अशी पळवली की कठड्याला टेकलेले शिपाई मागे सरले. उतरला तेव्हा डोळे चमकत होते. मला वाटलं, झालं, लाल गाडीवाल्यांचं आता काही खरं नाही. पण त्याने मागचं दार उघडलं आणि सगळ्यांच्या देखत सीटवर आडवा झाला. पोट वर, बूट दाराबाहेर. कुणी हसलं, कुणी म्हणालं काकांना झोप आली. तो हलला नाही. बराच वेळ छताकडे बघत पडून राहिला. मग उठून साहेबांना म्हणाला, “पळती झ्याक. पण हिच्यात बाईमाणूस झोपत न्हाई. ती तिसरी घ्या, मोठी.”

तिसरी गाडी म्हणजे बैल होता. ज्याने बोलावलं तो साहेब माणूस चांगला. त्याने नीट समजावून सांगितलं, उस्ताद, अपघातातल्या माणसाला असं उचलून न्यायचं नसतं, मान-कंबर आणखी दुखावते, त्यासाठी ॲम्ब्युलन्स येते, ही गाडी फक्त गस्तीला आणि पाठलागाला. खरंच होतं त्याचं. साडूलाही ते कळलं, तोही नोकरीत हेच शिकला होता. तो म्हणाला, व्हय साहेब, बरोबर हाय तुमचं. मग म्हणाला, “तरी माझं मत तिसरीला लिवा.” साहेबाने लिहून घेतलं. शेवटी कोणती घेतली ते आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि साडूनेही विचारलं नाही.

परत येताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. ऊन उतरलेलं, मांजरीकडच्या उसावर पिवळं पडलेलं. माझी गल्ली आली आणि मागे गेली. मी म्हणालो, पाव्हणं, माझं वळण गेलं की. हायवेवर उभा जन्म काढलेला माणूस, वळण चुकला असं आजवर कधी झालं नव्हतं. त्याने पुढे बघतच सांगितलं की जाऊ दे, फुडनं वळू. पुढचं वळणही आलं आणि गेलं. मग मी सीट थोडी मागे केली आणि पाय लांब केले.