माझ्यासाठी भरलेली निषेध सभा

माझा जबडा मोडला आणि अख्ख्या पनवेलला कंठ फुटला. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. निवडणूक झाली की आमच्याकडचे सगळे विद्वान एकच टुमणं लावतात, महिला मतदार आता जागृत झाल्यात म्हणे. कशावरून, असं विचारलं की माझ्याकडे बघून हसतात. मला असलं हसणं खपत नाही. मी उरण रस्त्यावरच्या माझ्या माहेरच्या गावात गेले, बायकांनाच विचारलं, आणि त्या जे बोलल्या ते इथल्या साप्ताहिकात लिहिलं. नाव एकीचंही घातलं नाही.

त्यातलं एक वाक्य गावाला झोंबलं. एक बाई म्हणाली होती, "नवरा सांगतो त्याच्या बरोब्बर उलटं बटन दाबते मी." झालं. गावातला प्रत्येक नवरा आपापल्या बायकोकडे डोळे बारीक करून बघायला लागला.

माझा सख्खा मोठा भाऊ एका दुपारी माझ्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये येऊन उभा राहिला. आदल्या दिवशी त्याने वहिनीचा हात पिरगळला होता आणि ती सुजलेला हात घेऊन माहेरी निघून गेली होती. बरं केलं तिने.

"कोनची बाय बोलली ती? आमची हाय का?"

"नाय सांगनार, दादा."

ती वहिनी नव्हती. पण 'तुझी नाही' म्हटलं असतं तर दुसरा नवरा आला असता, मग तिसरा, आणि असं करता करता शेवटी उरली असती तीच ती बाई. हे त्याला कुठे समजावत बसू? मी लिफ्टकडे वळले. त्याने गाडीतून चाक खोलायचा पाना काढला. पहिला फटका मी उजव्या हातावर घेतला, मनगट गेलं. दुसरा जबड्यावर बसला. मी फरशीवर पडले तेव्हा तोंडातून रक्ताबरोबर दात बाहेर आले, आणि तो पाना डिकीत टाकून निघून गेला.

हॉस्पिटलात जबडा तारांनी बांधला, हात प्लॅस्टरमध्ये घातला. शुद्धीवर आल्यावर डाव्या हाताने कागदावर कसंबसं एवढंच लिहिता आलं, 'दादा'. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे डोळे भरून आले. भाऊ हवाय बिचारीला, म्हणत तिने त्यालाच फोन करून बोलावून घेतलं. तो शहाळं घेऊन आला, उशाशी बसून रडला, आणि कागद-पेन उचलून खिशात घालत म्हणाला, "तिला तरास देऊ नका." मग तिथून हललाच नाही मेला. रागाने माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

बाहेर सगळ्यांचं ठरून गेलं होतं. एका मोबाईल दुरुस्तीवाल्याने माझ्या लेखाखाली माझ्याबद्दल घाण लिहिलं होतं. ज्या पक्षाने माझा लेख डोक्यावर घेतला, त्याच्या विरुद्ध पक्षाचा तो. म्हणजे मारणारा तोच. हवालदाराने त्याचं नाव घेऊन विचारलं, मी जोरात मान हलवली, नाही म्हणून, आणि दादाकडे बोट दाखवलं. "घाबरलीय," तो दादाला म्हणाला.

त्याच संध्याकाळी विचारस्वातंत्र्याच्या घोषणा देत कार्यकर्त्यांनी त्या माणसाचं शटर फोडलं आणि हातोडीने त्याची बोटं काउंटरवर ठेचली. मला तो माणूस आवडत नाही, आजही नाही. पण त्याने मला हात लावला नव्हता. पुढच्या वेळी दुकानासकट जाळू, असं ग्रुपवर चाललं होतं, आणि मैत्रीण मला ते अभिमानाने वाचून दाखवत होती.

डिस्चार्ज मिळाला तशी मी थेट माझ्यावरच्या हल्ल्यासाठी भरवलेल्या निषेध सभेला गेले. सगळ्यांची भाषणं झाल्यावर माईक मागून घेतला आणि बांधलेल्या दातांमधून, तोडत तोडत बोलले. "त्या दुकानदाराने मला मारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला माझ्या सख्ख्या भावाने मारलं. तो हा समोर बसलाय."

पहिल्या रांगेतला नेता मोबाईल बघायला लागला. सभेचे अध्यक्ष म्हणजे एकेकाळी मला शिकवणारे सरच. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अगं, हा घरगुती विषय आहे. इथे नको."

दादा उठला. माझ्या संरक्षणासाठी व्यासपीठाच्या पायरीवर कार्यकर्ते उभे केले होते, बोटं ठेचणारेच. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. "भाऊ आहे तिचा," एक जण म्हणाला, आणि सगळ्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

त्याने माझे केस धरले. मी डाव्या हातातला माईक होती नव्हती ती ताकद लावून त्याच्या तोंडावर हाणला. माईक चालू होता. त्याचे दात मोडल्याचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. माझं बोलणं त्यांना पटलं नव्हतं, हे मात्र पटलं. त्या दुकानदाराला पुन्हा कोणी हात लावला नाही.