तीस टक्के पाणी

धाड गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात धम्मशीलाताई कृषी सखी, म्हणजे गावाला शेतीची माहिती देणारी बाई झाल्या, त्याला मी जबाबदार. मी तिथला कृषी सहायक. प्रशिक्षणाला बायका मिळेनात, तेव्हा दोन एकर स्वतः कसणारी, बारावी शिकलेली ही बाई मी अक्षरशः ओढून आणली. हवामानाचं ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं आणि मोकळा झालो. मोकळं होण्यात माझा हात धरणारा तालुक्यात दुसरा नाही.

ताई मात्र नेटानं कामाला लागल्या. रोज सकाळी सातला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तापमान, वारा, पावसाची शक्यता, सगळं सुबक अक्षरात. पहिल्या आठवड्यात लोकांनी टिंगलच केली. त्यांच्या शेजारच्या वावरातल्या अन्नपूर्णाबाई तर कमरेवर हात ठेवून फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तीस टक्के पाणी म्हंजे काय वं? माह्या वावराच्या तीस टक्क्यात पडन का?"

"तसं नाही काकू. येन्याची शक्यता..."

"मले शक्यता नोको सांगू. येते का नाही येत, तेवढं सांग."

ताईंनी मला फोन केला. मी घाईत होतो. म्हणालो, "टक्के कशाला लिहिता? लोकांना कळेल असं लिहा. पन्नासच्या वर असलं की येईल, खाली असलं की येणार नाही." इतक्या वर्षांच्या नोकरीत गावानं पाळलेला माझा हा एकमेव सल्ला.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर एकच ओळ येऊ लागली. जून-जुलैत ती बऱ्याचदा खरी ठरली. लोक फळा वाचून फवारणी करू लागले. अन्नपूर्णाबाई तर ताईंच्या दारात विचारल्याशिवाय वावरात जाईनात. मला फार अभिमान वाटायचा. एका बैठकीत मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

ऑक्टोबरात सोयाबीन कापून-सोंगून वावरात पडलं होतं. फोनवर तीस टक्के होते. ताईंनी लिहिलं, पाणी येणार नाही. अन्नपूर्णाबाईंनी मजूर हाताशी असूनही गंजी लावून झाकली नाही. "वाळू द्या अजून एक रोज," म्हणाल्या. दुपारी पाणी आलं आणि दोन दिवस थांबलंच नाही. शेंगांतच दाण्यांना मोड फुटले.

मी ताईंना समजावलं, तीस टक्के म्हणजे दहांतून तीनदा पाऊस येणारच, ॲपनं खोटं सांगितलं नाही.

"ॲप खोटं नाही बोललं साहेब. खोटं मी बोलली."

तेव्हा गावासमोर जाऊन ही अक्कल माझी होती, असं मी सांगायला हवं होतं. बदलीचा अर्ज दिलेला होता. म्हटलं, कशाला नसती ब्याद. त्याची लाज मला अजून वाटते.

भांडण कुणीच केलं नाही. अन्नपूर्णाबाई वाटेत भेटल्या की नेहमीसारख्या बोलायच्या, फक्त पाण्याचं विचारायच्या नाहीत. ताईंनी पुन्हा टक्के लिहून पाहिले. कुणी थांबून वाचेना. दिवाळीनंतर त्यांनी लिहिणं सोडलं. फोन तेवढा रोज सकाळी बघायच्या.

मार्चअखेर अन्नपूर्णाबाईंच्या अर्ध्या एकरात बियाण्याचा कांदा होता. त्याचे बियांचे गोंडे पिकत आले होते. एका सकाळी फोनवर गारपिटीचा इशारा आला, ऐंशी टक्के. संध्याकाळपर्यंत निम्मे गोंडे तरी तोडून घरात आणता आले असते. पुढचं ताईंनी मला नंतर सांगितलं. त्या लगोलग अन्नपूर्णाबाईंच्या अंगणात गेल्या. बाई ज्वारी पाखडत होत्या. "ये, बस," म्हणाल्या. ताई बसल्या. ऐंशी टक्के म्हणजे दहांतून दोनदा काहीच होत नाही, हे आता त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्धवट कच्चे गोंडे तोडायला लावले आणि गार पडलीच नाही तर? बाईंच्या लेकीची चौकशी करून त्या उठल्या.

संध्याकाळी पंधरा मिनिटं गार पडली.

दुसऱ्या दिवशी मी पाहणीला गेलो तेव्हा वावरात नुसते दांडे उभे होते. बी चिखलात मिसळलं होतं. अन्नपूर्णाबाई धुऱ्याच्या बांधावर बसल्या होत्या आणि ताई त्यांच्या बाजूला.

"कोनाले मालूम होतं साहेब," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताईंच्या पाठीवर हात ठेवला. "इले मालूम असतं तं मले सांगितल्याबिगर राह्यली असती का हे?"

ताई खाली बघत "हो काकू" म्हणाल्या. तो इशारा आदल्या सकाळी माझ्याही फोनवर आला होता. मीही "हो" म्हणालो.