उलट्या वळणाचं लाकूड

आमच्या शेडमध्ये एक धनुष्य पूर्ण होईपर्यंत चार किस्से तयार होतात. कारण मधल्या काळात तीन लाकडं मोडलेली असतात!

ही शेड डेसची. डेस म्हणजे खाणीतला रिटायर्ड फिटर, वय ऐंशीच्या पुढे, लाकडी धनुष्यं करण्यात ऑस्ट्रेलियातल्या या अख्ख्या कालगुर्लीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. दर शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, आम्ही तिघं तिथे पडीक. मी खाणीत इंजिनिअर. शिरीष हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. त्याची बायको मुग्धा हायस्कूलला गणित शिकवते, ती आपली चहाचा थर्मास घेऊन यायची आणि कोपऱ्यात पेपर तपासत बसायची. तिघंही पुण्याचे, त्यामुळे कोणी काही शिकवलेलं आम्हाला फारसं चालत नाही.

डेसची नजर गेल्या वर्षात खूपच अधू झाली. ख्रिसमसनंतर तो कायमचा पर्थला लेकीकडे जाणार, हे ठरलेलं. आणि भिंतीवर त्याचं मल्गाचं, म्हणजे इथल्या वाळवंटी बाभळीचं, एक लाकूड टांगलेलं, अकरा वर्षं वाळवलेलं, जन्मतःच उलटं वळलेलं. "जायच्या आधी याचं धनुष्य झालेलं हवंय मला," तो म्हणायचा. स्वतःला दिसत नाही, म्हणजे आमच्यापैकीच कोणीतरी करायचं. मोडलं तर दुसरं नाही.

* * *

उलटं वळण म्हणजे काय, ते मी स्वतःची अब्रू घालवून शिकलो.

डेसने मला सरावाला एक लाकूड दिलं. दोन्ही टोकं निशाण्याच्या बाजूला वळलेली, म्हणजे धनुष्य जिकडे वाकवायचं त्याच्या बरोब्बर विरुद्ध. याला म्हणतात रिफ्लेक्स. माझ्यातला इंजिनिअर खवळला! वाकडं आहे म्हणजे डिफेक्ट आहे. घरी नेलं, हीट गनने तापवलं, क्लॅम्प लावून आठवडाभर दाबून ठेवलं आणि शनिवारी स्पिरिट लेव्हल घेऊन हजर. बुडबुडा अगदी मधोमध!

डेसने लाकडावरून हात फिरवला.

"मेट, झाडाने इतकी वर्षं वाऱ्यात उभं राहून तुझ्यासाठी जोर साठवला होता. तू तो इस्त्री करून टाकलास."

मग त्याने समजावलं. वळण उलटं असलं की नुसती दोरी चढवतानाच लाकूड ताणलं जातं, म्हणून बाण सणसणत जातो. आणि म्हणूनच असं लाकूड मोडतंही लवकर. मी मुकाट्याने स्पिरिट लेव्हल गाडीत ठेवून आलो.

* * *

शिरीष मला आठवडाभर हसला. पुढच्या शनिवारी साहेबांनी कोणालाही न विचारता आपल्या धनुष्याला दोरी चढवली.

"अरे, किती सोपं आहे! जोर लागलाच नाही."

लागणार कसा? लाकूड आधीच जिकडे वळलेलं होतं, तिकडेच त्याने ते वाकवलं होतं!

मुग्धाने पेपरातून मान वर केली. "शिरीष, पेशंटला पालथं झोपवलंयस."

तोवर त्याने दोरी ओढली होती. काड्कन आवाज आणि दोन तुकडे. डेस म्हणाला, "नो वरीज, आज रात्री बार्बेक्यूला लाकूड हवंच होतं."

* * *

पण या माणसाचे हात! आपण तर बुवा नतमस्तक.

एकदा मी एक धनुष्य तासून त्याच्याकडे दिलं. त्याने डोळे मिटले, अंगठा टोकापासून टोकापर्यंत नेला आणि एका जागी थांबला. "इथे थोडं जाड आहे." मी खिशातून कॅलिपर काढला. अर्धा मिलिमीटर! दुसरीकडे मोजलं, तिसरीकडे मोजलं, तिथे सगळं सारखं. मी कॅलिपरची बॅटरी बदलून पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

* * *

मुग्धाचं काय झालं, ते सांगतो. धनुष्य भिंतीवर आडवं अडकवायचं, दोरी पुलीवरून हळूहळू ओढायची आणि लांब उभं राहून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतायत का. मी आणि शिरीष वीस मिनिटं बघत होतो. "परफेक्ट!" दोघांचं एकमत.

"परफेक्ट कुठलं? डावीकडे वीतभर आत कोपर आलंय, तेवढीच जागा जास्त मुडपतेय," कोपऱ्यातून आवाज आला. हातातलं लाल पेन तसंच!

डेसने अंगठा फिरवला. कोपर होतं.

त्याने भिंतीवरचं ते मल्गाचं लाकूड उतरवलं आणि सरळ तिच्या हातात दिलं. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. मुग्धाचा चेहरा तर पांढराफटक. "अहो, मी चहा घेऊन येते फक्त!" घाबरून ती मराठीतच बोलली.

* * *

नऊ शनिवार ती ते लाकूड तासत होती. रंध्याचे चार फटके मारायचे, तीस वेळा हलकंच ओढायचं, बघायचं, पुन्हा चार फटके. जरा घाई केली की डेस म्हणायचा, "त्याला सवय होऊ दे." चहा आता शिरीष आणायचा.

डेस निघायच्या आदल्या दिवशी तिने मागच्या अंगणात तीस बाण मारले. काही मोडलं नाही. मग दोरी उतरवली.

खरी परीक्षा पुढेच होती. ओढून ओढून लाकूड थकतं आणि जन्माचं वळण हरवून बसतं. किती हरवलं, ते दोरी उतरवल्यावर कळतं. डेसने धनुष्य बेंचवर ठेवलं, टोकं खाली टेकलेली, मधे पोकळी. कोऱ्या लाकडाखाली त्याची चार बोटं एकावर एक मावायची.

त्याने हात आडवा धरून खाली सरकवला. एक बोट गेलं. दुसरं गेलं. मुग्धाने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिसरं गेलं. करंगळीचं टोकसुद्धा थोडं आत शिरलं.

डेस तसाच वाकून उभा राहिला.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तूच की, डेस."

"मी नाही," तो म्हणाला. "माझ्या हातून आजवर दोन बोटांच्या वर कधी राहिलंच नाही."