हिरव्या साडीचा फोटो
जुन्या सुती कापडावर इस्त्री फिरली की येणारा वास मला सातपूरच्या त्या छोट्या कारखान्यात नेतो. तिथे लोकांनी दिलेल्या जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवत. चिंधीही वाया जाऊ देत नसत. मी बातमीसाठी गेलो होतो. जेवणाची सुट्टी होती. फोटोत रंग उठून दिसावा म्हणून एका मशीनवर घडी करून ठेवलेली हिरवी साडी मी उचलली आणि मालकीणबाईंना कापायला सांगितलं. कात्री अर्ध्यावर गेली तेव्हा त्या मशीनवरच्या मावशी डबा धुऊन आल्या. "अहो दादा, ती ढिगातली नाय! माझी लेक गेली ना, तिची हाय. तिच्या पोरीला गोधडी शिवायला घरून आणलीय." मी माफी मागितली. मावशींनी कापलेल्या दोन्ही कडा एकमेकींना लावून पाहिल्या. "जाऊ द्या दादा, गोधडीला तुकडेच लागतात," असं मलाच समजावून त्या मशीनवर बसल्या. पण सुईत दोरा काही ओवता येईना. फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. हिरवा रंग खरंच उठून दिसतो. खालची ओळ मीच लिहिलेली आहे: टाकाऊतून टिकाऊ.