दिराच्या ट्रंकेतली बाई

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. यजमान मुंबईत नोकरीला होते. मालवणजवळच्या आमच्या घरी सासूबाई आणि मी, दोघीच. धाकटे दीर मुंबईच्या मोठ्या डॉक्टरी कॉलेजात शिकत होते. पहिल्या परीक्षेत ते हाडांच्या विषयात नापास झाले. पावसाळ्यानंतर पुन्हा बसायचं आणि तेव्हाही राहिले तर कॉलेज सोडायचं, असं ठरलं होतं.

वैशाखात ते घरी आले, ते हाडांची एक लाकडी पेटी ट्रंकेत घालून. दुपारी सासूबाई झोपल्या की मला माजघरात बोलवायचे. डोळे मिटून हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "वयनी, खंयचाय एक दी." मी पदराने धरून एक हाड हातात ठेवायची. ते चाचपून इंग्रजी नाव सांगायचे. बरोबर की चूक, मला काय कळणार? मी आपली मान हलवायची. मग स्वतःच पुस्तकात बघून हसायचे, "अगो, चुकलंय मी, आणि तू हो म्हणतंस!"

त्या पेटीच्या झाकणावर आतून नावं होती. एकाखाली एक, वरची खोडलेली. वरची दोन शाई उडालेली, साहेबाच्या वेळची. दीर म्हणाले, ही पेटी एक विद्यार्थी दुसऱ्याला देतो. सगळ्यात वरचा कधीच म्हातारा होऊन गेला असेल. काळ्या दगडाच्या त्या कॉलेजातून निघालेले डॉक्टर कुठे कुठे गेले, आफ्रिकेतसुद्धा गेले, असं ते सांगत. मला पटायचं, पण या हाडांतून डॉक्टर कसा होतो ते डोक्यात शिरत नसे.

एकदा कमरेचं रुंद हाड हाती आलं. ते म्हणाले, "ह्या बायल माणसाचा. बाळंतपणासाठी रुंद आसता."

"कोणाची ती?" मी विचारलं.

"बेवारशी असतली. नायतर कॉलेजात कशी येतली?"

त्या दिवसापासून मी पदराने न धरता ते हाड उचलू लागले. का, ते सांगता येत नाही.

एके दिवशी सासूबाई लवकर उठल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, पण जवळ येऊन हात लावल्यावर कळलं.

"माणसाची हाडां! माझ्या घरात! नापास झालो तो झालो, वर मढां घेवन इलो?"

"आये, अभ्यासाची आसत. कोण बेवारशी बायल ती."

"तिका अग्नी नाय, पाणी नाय, आणि तू तिच्यार अभ्यास करतंस? उद्या दर्यात सोड."

"सोडलंय तर मी परत नापास. मग होडयेर खलाशी म्हणान जातंय."

"जा! होडयेर गेललो बरो!"

पण त्याही घाबरल्या होत्या. गुरवाकडे गेलं तर गावभर होईल, म्हणून घरातल्याच देवाला कौल लावायचं ठरलं. देव्हाऱ्यातल्या नारळाला दोन्ही बाजूंनी अबोलीच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हाडं घरात ठेवायला देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. सासूबाईंनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. दीर ओटीवर पाठ करून बसले होते. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. कळ्यांकडे बघायला मी एकटीच.

डावी पडली.

"खंयची गो?" सासूबाईंनी विचारलं.

"उजवी," मी म्हटलं आणि डावी कळी उचलून घेतली.

मोठ्यांच्या समोर मी तोपर्यंत धड चार शब्द बोलले नव्हते. तो एक शब्द कसा निघाला, मला आजही समजत नाही. दिरासाठी म्हणावं, तर देवापुढे खोटं बोलण्याइतकी माया होती का? त्या बाईला दर्यात एकटं लोटू नये म्हणून म्हणावं, तर तिला सुटकाच हवी असेल. मी तिची सुटका अडवली की तिला कामाला लावलं?

दीर पास झाले. पेटी पुढच्या मुलाला दिल्याचं पत्रात होतं. मी पत्र वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"देवान सांगलेला खरा झाला. आज गाऱ्हाणा तू घाल."

"माका येणा नाय."

"देवासमोर कसली लाज? घाल."

मी हात जोडले. देवाने जे सांगितलं ते झालंच नव्हतं, आणि दीर तरीही पास झाले होते. मग आभार कसले मानू? शेवटी एवढंच म्हटलं, "चुकला असात तर पदरात घे."

सासूबाई खूश झाल्या. गाऱ्हाण्याच्या शेवटी सगळेच असं म्हणतात. मी ते देवाला म्हटलं की त्या बाईला, हे मात्र मला तेव्हाही ठरवता आलं नाही.