एक्केचाळीस नंबरची कॅसेट

आमच्या घरी कॅसेटींची वही होती आणि ती मी ठेवायचे. एकूण चौसष्ट कॅसेटी. घराबाहेर गेली तर कोणी नेली, कधी नेली, कधी परत आली, असे तीन रकाने. शेजारी नेलेल्या पाच कॅसेटी परत आल्याच नाहीत, तेव्हापासून हा नियम.

एक्केचाळीस नंबरची एका तमिळ सिनेमाच्या गाण्यांची होती. तो प्रेमाचा सिनेमा हिंदी होऊन कोल्हापुरात लागला, तेव्हा आम्ही घरचे सगळे गेलो होतो. वडिलांना, म्हणजे अप्पांनाही आवडला. आमच्या वर कोइमतूरचा एक इंजिनियर भाड्यानं राहायचा, शिरोलीला फाउंड्रीत होता. हिंदी शब्द त्या चालींवर बसत नाहीत, मूळ गाणी ऐका, असं हिंदीत म्हणून त्यानं आपली कॅसेट आणून दिली. मधूनमधून मला लागेल, एवढं म्हणाला.

एका रविवारी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला बघायला हातकणंगल्याचे पाहुणे येणार होते. त्याआधीच्या बुधवारी संध्याकाळी मी कामांची यादी करत बसले होते. पाहुण्यांसमोर वचनांची, म्हणजे आमच्या लिंगायतांच्या भक्तिपदांची, कुठली कॅसेट लावायची ते बघायला अप्पांनी वही मागितली. वचनं पहिल्याच पानावर होती. ते पुढची पानं उलटत राहिले.

"हे एक्केचाळीस काय हाय गं?"

"सिनेमाची गाणी, अप्पा."

"दर गुरुवारी वर जातंय, सोमवारी खाली येतंय. आठ म्हैनं. अक्षर तुझंच न्हवं?"

माझंच होतं. आठ महिने मी नेमानं लिहिलं होतं आणि एकदाही सलग वाचलं नव्हतं. स्वयंपाकघरात अक्का लसूण ठेचत होती. आवाज थांबला.

"आण ती कॅसेट."

कपाटाशी, त्यांच्याकडे पाठ करून मी डबी उघडली. कव्हरामागे घडी घातलेला कागद होता. तो मुठीत दाबला आणि कॅसेट नेऊन दिली.

अप्पांनी अख्खं एक गाणं ऐकलं. आई दारात येऊन म्हणाली, "चाल तीच हाय की, आपण बघितलेल्या सिनेमाची."

"चालीचं कोण इचारतंय? थोरले, भायेर ये. ह्यातलं काय कळतंय तुला?"

'नुसती चाल आवडते' एवढं ती म्हणाली असती तर तिथंच मिटलं असतं. मी डोळ्यांनी तेच सांगत होते. अक्कानं हात पुसले, टेप मागं घेतला आणि एकेक ओळ झाली की थांबवून अर्थ सांगायला लागली. चार ओळी, सहा, दहा. कुठं अडली नाही. नुसती गाणी ऐकून इतकं येत नाही, हे खोलीत सगळ्यांना कळलं.

अप्पांनी टेप बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरच्याला बोलवून आण."

जिन्यात मी कागद उघडला. पत्र नव्हतं. नंबर घालून वीस तमिळ शब्द, पुढं अक्कानं लिहिलेले अर्थ. तीन चुकले होते; तिथं इंजिनियरनं लाल पेनानं, मोडक्या नागरीत, हिंदीतून लिहिलेले बरोबर अर्थ. मी दार वाजवलं.

खाली आल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता. कागद अप्पांच्या हातात दिला. त्यांनी विसाव्या शब्दापर्यंत वाचला. इंजिनियर उंबऱ्यातच उभा.

"आमची पोरगी तुमची भाषा शिकली. तुमी आमची किती शिकला?"

तो घाम पुसत म्हणाला, "थोडा... चहा. पाणी. भाडं."

"भाडं बरं ध्यानात ऱ्हायलं! आदी भाषा शिका. मग बोलू."

मग आईला म्हणाले, "हातकणंगल्याला फोन लाव. ह्या रविवारी येऊ नका म्हणावं."

अक्का आत गेली आणि दुप्पट जोरानं लसूण ठेचायला लागली.

लग्नाला पुढं दोन वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष अप्पा दर रविवारी त्याची तोंडी परीक्षा घेत होते.