गेटवरची खुर्ची

आपल्याला कधी कुणाचा हेवा वाटला नाही, असं फकिरा चारचौघांत सांगायचा. ते साफ खोटं होतं. त्याला रंगनाथचा हेवा वाटायचा, आणि तोही असा की जेवताना घास तोंडात फिरायचा.

दोघं पेठकडच्या डोंगरातल्या एकाच पाड्यावरचे. एकाच एसटीनं नाशकात आले, सातपूरच्या एका कारखान्यात एकाच दिवशी लागले आणि अठरा वर्षं शेजारशेजारच्या प्रेसवर पत्रा कापत राहिले. त्या मशिनींचा दणका असा, की शेजारच्याला तंबाखू मागायची तरी ओरडावं लागे. सत्त्याण्णव साली रंगनाथचे कान गेले. डॉक्टरांनी तसा कागद दिला आणि साहेबांनी त्याला गेटवर बसवलं. प्लॅस्टिकची खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि काम काय, तर आलेल्या ट्रकचे नंबर वहीत उतरवायचे. पगार तोच.

ती खुर्ची फकिराच्या डोळ्यांत खुपायला लागली. रोज तिच्यासमोरूनच आत जावं लागायचं. ट्रकवाले रंगनाथला शेठ म्हणायचे, तो हसून मान डोलवायचा. त्याचा शर्ट संध्याकाळीही कोरा करकरीत, आणि फकिराच्या कपड्यांना ऑइलचा वास. भागुबाई, म्हणजे फकिराची बायको, धुणं धुताना एकदाच म्हणाली की रंगनाथभावजींचे कपडे किती स्वच्छ असतात. त्यावर हा बाबा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आवाज दोघांनी सारखाच सोसला, मग कान त्याचेच का जावेत? माणसानं दुसऱ्याच्या बहिरेपणावर जळावं म्हणजे हद्द झाली, पण फकिरा जळत होता खरा.

शेवटी त्यानंही बहिरेपणाचं सोंग घेतलं. सुपरवायझरनं हाक मारली तरी वळून बघेना. घरी भागुबाई घाबरून त्याच्या कानाशी ओरडायला लागली. महिनाभरात कारखान्यानं त्याला इंदिरानगरच्या एका कानाच्या दवाखान्यात धाडलं.

तिथं मोहिनी नावाची बाई कान तपासायची. तिनं त्याला छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि शिटी ऐकू आली की बोट वर करा म्हणाली. फकिरानं मनाशी ठरवलंच होतं. शिट्या बारीक आल्या, मोठ्या आल्या, शेवटी कान फाटायची वेळ आली, तरी त्याचं बोट मांडीवरून हललं नाही. आता खुर्ची आपलीच, असं त्याला वाटलं.

मोहिनीनं कागदाकडे पाहिलं. या कागदाप्रमाणे माणसाला ढोलही ऐकू यायला नको होता, आणि मघाशी तर तिनं पाठमोरी असताना हळूच विचारलेलं गाव त्यानं बिनचूक सांगितलं होतं. ती त्याच्यासमोर येऊन बसली. तुमचं प्रेसवरचं काम कसं चालतं ते सांगत राहा, मी काहीही केलं तरी थांबू नका, एवढंच म्हणाली.

फकिरा सांगू लागला. पत्रा असा धरायचा, पाय असा दाबायचा. तेवढ्यात तिनं हेडफोनमध्ये खरखर सोडली आणि हळूहळू वाढवत नेली. अठरा वर्षांची सवय ती. आवाज वाढला तसा फकिराचा गळाही वाढला, आणि पाच मिनिटांत तो प्रेसवर उभा असल्यासारखा ओरडत होता. तिनं खरखर एकदम बंद केली. त्या गप्प खोलीत आपलाच आवाज ऐकून फकिरा दचकला. ज्याला ऐकूच येत नाही, तो कशावर ओरडेल? हे त्याच्याही लक्षात आलं. आता नोकरी गेलीच, असं त्यानं धरलं.

मोहिनीनं दार लावून घेतलं. "काका, मगाशी वायर सैल असेल. आपण पुन्हा घेऊ. आता शिटी आली की बोट वर करा."

या वेळी त्यानं खाली मान घालून प्रत्येक शिटीला बोट वर केलं. कान चांगले आहेत, थोडी झीज आहे, आता जपा, असं सांगून तिनं त्याच्या हातात कानांत घालायचे बोळे ठेवले. सोंगाबद्दल कागदावर एक अक्षर लिहिलं नाही.

निघताना ती म्हणाली, "तुमच्याच कारखान्यातले एक काका मागे आले होते. शिटी नसतानासुद्धा ते बोट वर करायचे. बहिरं म्हणवून घ्यायची लाज वाटत होती त्यांना."

दुसऱ्या दिवशी फकिरा गेटवर थांबला. ट्रकवाल्यांनी काहीतरी थट्टा केली. सगळे हसले, आणि त्यांची तोंडं बघून झाल्यावर रंगनाथ हसला. वर्षभर रोज समोर असलेली ही गोष्ट फकिरानं आज पहिल्यांदा पाहिली. त्याला स्वतःची शिसारी आली.

ट्रकवाले गेल्यावर तो रंगनाथजवळ वाकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "रंगा, तुझ्या खुर्चीवर लय जळलो रे मी. तुझं वाईट चिंतलं. माफ कर."

रंगनाथनं क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मांडीवर थाप मारून तो खो खो हसला आणि म्हणाला, "भारी सांगतो राव तू."

पुन्हा मोठ्यानं सांगायची हिंमत फकिराला झाली नाही. तोही त्याच्याबरोबर हसला.